रीस्टार्ट केलं की ठीक, आठवड्यानं परत तेच

"सिस्टिम स्लो आहे." ही तक्रार ज्या शब्दांत येते, त्या शब्दांत तिचं काहीच करता येत नाही. उपाय मात्र ठरलेले असतात: रीस्टार्ट मारा, रॅम वाढवा, नवीन सर्व्हर घ्या. चार दिवस बरे जातात आणि परत फोन वाजतो. दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेल्या प्रोग्रामांची डागडुजी हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा फोन माझ्या पाचवीलाच पुजलाय. खाली जो क्रम दिलाय त्याच क्रमानं मी तपासत जाते. त्यातल्या बऱ्याच पायऱ्या आधी चुकीच्या क्रमानं चढून झाल्या आहेत.

एक उदाहरण सोबत ठेवू. एका कार्यालयातलं हजेरीचं सॉफ्टवेअर. महिन्याचा रिपोर्ट काढायला बटण दाबलं की ३१ सेकंद पडदा गोठायचा. बसवलं तेव्हा म्हणे पटकन यायचा. मधल्या काळात दोनदा सर्व्हर बदलून झाला होता, दोन्ही वेळा आधीपेक्षा दणकट.

आधी 'कधी' विचारा

का स्लो आहे हे वापरणाऱ्याला सांगता येत नाही, पण कधी स्लो होतं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. निम्मं निदान त्या उत्तरातच मिळतं.

रीस्टार्टनंतर सुसाट, मग दिवसागणिक मंद, असं उत्तर आलं तर प्रोग्राम काहीतरी धरून ठेवतोय आणि सोडत नाहीये. मेमरी, डेटाबेसची कनेक्शनं, उघडलेल्या फायली, यांतलं काहीतरी. ही खूण फार भरवशाची. एरवी रीस्टार्टनंतर प्रोग्राम सुरुवातीला जरा हळूच चालायला हवा, कारण कॅशेमधलं, म्हणजे वारंवार लागणारा माल हाताशी ठेवायच्या जागेतलं, सगळं पुसलेलं असतं आणि माल पुन्हा डिस्कवरून आणावा लागतो. तरीही तो वेगानं पळत असेल, तर रीस्टार्टनं त्याच्या डोक्यावरचं कसलं तरी ओझं उतरवलंय एवढं नक्की.

रीस्टार्टनं काडीचा फरक पडत नाही, पण दर महिन्याला थोडं थोडं जड होत चाललंय, असं असेल तर दोष डेटाच्या वाढीला बांधलेला आहे. याबद्दल पुढे बरंच लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

ठरावीक वेळीच अडत असेल, सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा किंवा महिनाअखेरीस, तर कुणीतरी कुणासाठी तरी रांगेत उभं आहे. रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबलाय का, हेही लगेच बघून घ्या. वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा चोर तोच असतो.

आणि वापरणारा एकटा, डेटाबेस रिकामा, तरीही हळू? मग डीबग मोडमध्येच (चुका शोधताना वापरायच्या संथ अवस्थेत) बसवलेली आवृत्ती, प्रत्येक बारीकसारीक गोष्ट लॉगमध्ये (प्रोग्रामच्या रोजनिशीत) लिहून ती डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारा कोड, नाहीतर नेटवर्कवरच्या फुकटच्या फेऱ्या. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर एका फेरीला जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद लागणारच, तिथे कुणाची हुशारी चालत नाही. पण एक पान उघडायला अशा ३० फेऱ्या एकापाठोपाठ एक घालायच्या की एकाच फेरीत सगळं मागवायचं, हे प्रोग्रामरच्या हातात असतं. पहिल्यात ३ सेकंद जातात, दुसऱ्यात एक दशांश.

हजेरीवाल्यांचं उत्तर दुसऱ्या जातीचं होतं. "रीस्टार्ट करून बघितलं, काही नाही. गेल्या वर्षी १५ सेकंद लागायचे." या एका वाक्यावर मला मेमरीचा विचार डोक्यातून काढून टाकता आला.

मोजल्याशिवाय हात लावू नका

कुठलं बटण, कुणाच्या लॉगिनवरून, किती डेटावर, किती सेकंद. चारही गोष्टी कागदावर हव्यात. 'आधीपेक्षा बरं वाटतंय' हे मोजमाप नव्हे.

सरासरीवर विसंबू नका. १०० पैकी ९९ वेळा ०.१ सेकंद आणि एकदा २० सेकंद लागले, तर सरासरी येते ०.३ सेकंद. आकडा गोंडस दिसतो, आणि तो एक माणूस २० सेकंद पडद्याकडे बघत बसलेला असतो. म्हणून सगळ्या वेळा चढत्या क्रमानं लावून नव्व्याण्णवावी कुठे पडते ते बघायचं. फोन करणारा बहुतेक तिथेच सापडतो.

किती वेग पुरे, याचाही अंदाज हवा. संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मांडलेले आणि पुढे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी रूढ केलेले टप्पे आजही कामाला येतात: ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. ०.२ सेकंदांचे ०.१ करण्यात आठवडा घालवण्याआधी हे आठवावं.

प्रोसेसर १२ टक्के म्हणजे मोकळा?

गोठलेल्या क्षणी मशीन काय करतंय ते बघा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क, यांपैकी घाम कुणाला फुटलाय?

इथे एक हमखास फसगत होते. आठ कोअरचं, म्हणजे आत आठ स्वतंत्र प्रोसेसर असल्यासारखं, मशीन आहे, टास्क मॅनेजर एकूण वापर १२ टक्के दाखवतोय, आणि सगळे म्हणतात प्रोसेसर तर आरामात आहे. पण शंभराला आठनं भागलं की साडेबारा येतात. म्हणजे एक कोअर पूर्ण जुंपलेला आहे आणि बाकी सात बघ्याची भूमिका घेऊन उभे आहेत. प्रोग्राम एकाच धाग्यावर चालतोय, म्हणजे एका वेळी एकच काम हाती घेतोय. तिथे सोळा कोअरचं मशीन आणलं तर आकडा ६ टक्क्यांवर जाईल, रिपोर्ट तेवढ्याच वेळात येईल. काम कोअरांमध्ये वाटलं तरी मर्यादा राहतेच. संगणक अभियंते जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब सरळ आहे: कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागणार असेल, तर हजार कोअर लावले तरी वेग २० पटीपलीकडे जात नाही.

याउलट प्रोसेसर खरोखरच शांत असेल, २-३ टक्के, तर प्रोग्राम काम करत नाहीये, वाट बघतोय. मग कोडमधली गणितं सुधारण्यात अर्थ नाही, तो कुणाची वाट बघतोय ते शोधायचं.

वाट बघण्याची किंमत केवढी असते हे डोक्यात बसवून घेतलेलं बरं. प्रोसेसरला अगदी जवळच्या कॅशेमधून आकडा मिळायला साधारण १ नॅनोसेकंद लागतो. तो १ सेकंद मानू. मग मुख्य मेमरीतून आणायला पावणेदोन मिनिटं होतात, एसएसडीवरून एक दिवसाहून थोडं जास्त, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून जवळजवळ चार महिने. ७,२०० फेऱ्यांची डिस्क एक गिरकी घ्यायलाच ८.३ मिलिसेकंद लावते. मघाची १०० मिलिसेकंदांची नेटवर्कची फेरी म्हणजे तीन वर्षांहून जास्त. रॅम भरली की सिस्टिम मेमरीतली पानं डिस्कवर ढकलू लागते, तेव्हा मशीन मंदावत नाही, बसतंच, ते यामुळे. ही एकच परिस्थिती अशी आहे जिथे रॅम वाढवणं हा तातडीचा उपाय म्हणून योग्य. पण रॅम का भरली, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

हजेरीचा प्रोग्राम ज्या मशीनवर चालतो तिथला प्रोसेसर ४ टक्के, डेटाबेसच्या मशीनचा ९. दोघंही निवांत, आणि माणूस ३१ सेकंद ताटकळत. हे चित्र दिसलं की माझे कान टवकारतात.

अंदाज चुकतो, माझाही

कोड उघडला की कुठलीतरी कुरूप गोष्ट डोळ्यांत खुपते आणि हात तिकडे जातो. मी एकदा तारखा वाचणारं एक ओंगळ फंक्शन दोन दिवस घासूनपुसून पाचपट वेगवान केलं. नंतर प्रोफायलर (कोडचा कुठला भाग किती वेळ खातो हे मोजणारं साधन) लावला तर एकूण वेळेतला त्याचा वाटा अर्धा टक्काही नव्हता. दोन दिवस पाण्यात.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७१ साली फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतले खरेखुरे प्रोग्राम तपासून दाखवलं होतं की कोडचा ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून जास्त वेळ खातो. हे ४ टक्के नजरेनं सापडत नाहीत, त्यांना प्रोफायलरच लागतो. क्नूथ यांचंच १९७४ मधलं, घाईनं केलेलं ऑप्टिमायझेशन सगळ्या दुखण्यांचं मूळ, हे मत वेगाकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना म्हणून जिथे तिथे ऐकवलं जातं. त्याला लागूनच त्यांनी हेही लिहिलंय की कळीच्या ३ टक्क्यांत मिळणारी संधी सोडू नये. ते कुणी ऐकवत नाही.

प्रोफायलर बसवायची सोय नसेल तर गावठी उपाय आहे. डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघू देणारं साधन) लावून प्रोग्राम गोठलेला असताना दहा वेळा मध्येच थांबवा आणि दर वेळी तो कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते लिहून ठेवा. एखादी जागा निम्मा वेळ खात असेल, तर ती दहाही वेळा हुकण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. मला वाटतं, या एका युक्तीनं माझं पोट जितकं भरलंय तितकं महागड्या साधनांनी नाही.

३१ सेकंद गेले कुठे

हजेरीच्या रिपोर्टला दहा वेळा थांबवलं. नऊ वेळा प्रोग्राम डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत होता. मग डेटाबेसचा क्वेरी लॉग, म्हणजे त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची (क्वेरीची) नोंद, चालू केला, बटण एकदा दाबलं आणि लॉगमधल्या ओळी मोजल्या. २,४०१.

एका बटणाला २,४०१ क्वेरी. पहिली क्वेरी १,२०० कर्मचाऱ्यांची यादी आणत होती. मग लूपमध्ये प्रत्येकासाठी एक क्वेरी विभागाच्या नावाची आणि एक रजांची. प्रत्येक क्वेरी स्वतःपुरती चोख, १०-१२ मिलिसेकंदांत उत्तर देणारी. म्हणून 'संथ क्वेरी दाखव' म्हटलं तर एकही सापडत नव्हती. १,२०० गुणिले २ गुणिले ११ मिलिसेकंद केलं की २६ सेकंद होतात. किराणा आणायला जाऊन दर वेळी एकच जिन्नस घेऊन परत यायचं आणि मग यादीतल्या पुढच्या जिन्नसासाठी पुन्हा चपला घालायच्या, असा प्रकार.

हे लिहिणारा मूर्ख नव्हता. आजकालची फ्रेमवर्कं (प्रोग्राम लिहायचे तयार सांगाडे) 'कर्मचारी टिंब विभाग' असं लिहिलं की मागच्या मागे क्वेरी करतात. कोडमध्ये टिंब दिसतं, फेरी दिसत नाही. त्याच्या मशीनवर डेटाबेस शेजारीच होता आणि चाचणीसाठी पाच कर्मचारी. ११ क्वेरींचा कुणाला पत्ता लागतो?

दोन्ही तक्ते जोडून सगळं एका क्वेरीत आणलं. ३१ सेकंदांचे ५ झाले. इथे थांबायचा मोह होतो, लोकही खूश असतात. पण उरलेले ५ कुठे जातात?

डेटाबेसला एक्स्प्लेन विचारलं. तो ही क्वेरी कशी सोडवणार हे पायरीपायरीनं सांगतो. हजेरीच्या ९ लाख नोंदींचा तक्ता तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होता, फक्त एका महिन्यासाठी. तारखेवर इंडेक्स, म्हणजे हवी ती नोंद पटकन सापडावी म्हणून क्रमानं लावलेली सूची, होता. मग तो वापरत का नव्हता? कारण अटीत लिहिलं होतं: तारखेतून वर्ष काढ, महिना काढ, आणि ते हव्या त्या वर्षा-महिन्याशी जुळतात का बघ. इंडेक्स तारखांच्या क्रमानं लावलेला असतो, तारखेवर फंक्शन चालवून येणाऱ्या उत्तरांच्या क्रमानं नव्हे. शब्दकोशात 'पा'नं सुरू होणारे शब्द लगेच सापडतात. 'णी'नं संपणारे हवे असतील तर अख्खा कोश चाळण्यावाचून गत्यंतर नाही, शब्द कितीही नीट लावलेले असोत. अट बदलून 'महिन्याच्या १ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधीपर्यंत' अशी केली. ०.२ सेकंद.

दरवर्षी वेळ का वाढत होता तेही यातून उलगडलं. नोंदी साचत होत्या आणि प्रत्येक रिपोर्ट जुनी सगळी वर्षं वाचत होता. माणसं वाढली तशा फेऱ्याही वाढल्या.

इंडेक्स म्हणजे रामबाण समजून प्रत्येक कॉलमवर लावत सुटू नका, हेही सांगून ठेवते. नवी नोंद आली की प्रत्येक इंडेक्समध्येही ती लिहावी लागते. वाचन सुधारता सुधारता लिहिणं बसवलेले तक्ते मी पाहिलेत.

लूपच्या पोटातला लूप

डेटा दुप्पट झाला की वेळ दुप्पट, इथवर ठीक. डेटा दुप्पट आणि वेळ चौपट झाला, तर यादीतल्या प्रत्येकाची गाठ बाकी प्रत्येकाशी घातली जातेय. हजार जणांत अशा सुमारे ५ लाख जोड्या होतात, लाख जणांत ५०० कोटी. पहिलं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं, दुसऱ्याला चहा थंड होतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२१ मध्ये गाजलं. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची आणि खेळणाऱ्यांनी ते नशीब म्हणून स्वीकारलं होतं. बाहेरच्या एका प्रोग्रामरनं, मूळ कोड हाती नसताना, प्रोफायलर लावून बघितलं. गेम सुरू होताना सुमारे १० मेगाबाइटची एक यादी वाचत होता, त्यात ६३,००० च्या आसपास वस्तू. ती वाचणारं फंक्शन प्रत्येक छोटा तुकडा उचलताना उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी नव्यानं मोजत होतं. शिवाय वस्तू यादीत टाकण्याआधी ती आधीच आहे का हे बघायला आतापर्यंतची सगळी यादी पहिल्यापासून तपासली जात होती. म्हणजे जवळजवळ १९८ कोटी तुलना. या दोन्ही गोष्टी सुधारल्यावर त्याच्या मशीनवर ६ मिनिटांचे १ मिनिट ५० सेकंद झाले. कंपनीनं दोष मान्य केला, दुरुस्ती आणली आणि त्याला १०,००० डॉलरचं बक्षीस दिलं. त्याला नवा ग्राफिक्स कार्ड लागला नाही की नवा प्रोसेसर.

'स्टॅक ओव्हरफ्लो' ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट २० जुलै २०१६ रोजी ३४ मिनिटं बंद पडली, तीही याच घराण्यातल्या दोषामुळे. मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणारी एक निरुपद्रवी दिसणारी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) होती. एका नोंदीत सलग सुमारे २०,००० मोकळ्या जागा आल्या, पण त्या ओळीच्या टोकाला नव्हत्या. इंजिन पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत जाऊन परत फिरायचं, मग दुसरीपासून, मग तिसरीपासून. जवळजवळ २० कोटी तपासण्या, एका नोंदीपायी.

उपाय बहुधा कंटाळवाणा असतो, आणि तेच चांगलं. 'हे आधी आहे का' हे वारंवार विचारायचं असेल तर यादी सोडा, हॅश टेबल (सगळं न चाळता थेट हव्या त्या खणापाशी नेणारी रचना) घ्या. नाहीतर एकदा क्रमानं लावून ठेवा आणि मधून मधून निम्मं करत शोधा: १० लाखांत २० पावलांत सापडतं. लूपमध्ये स्ट्रिंगच्या शेपटाला स्ट्रिंग जोडत जाणं टाळा, अनेक भाषांत दर वेळी आधीचा सगळा मजकूर नव्या जागी उतरवला जातो. 'यादीत आहे का' विचारणारी एक ओळ दिसायला निष्पाप असते, तिच्या पोटात लूप लपलेला असतो. कोड वाचताना मी अशा ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारते. हो, कागदावर छापून.

रीस्टार्टनं बरं होणारी दुखणी

मेमरीचा आलेख काढा, निदान दोन-तीन दिवसांचा. जावा, सी-शार्प, जावास्क्रिप्टसारख्या भाषांत तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: मेमरी चढते, कचरा गोळा झाला की खाली येते. शिखरांकडे बघून घाबरू नका, दात्यांच्या तळाकडे बघा. तळ एका पातळीवर राहत असेल तर सगळं ठीक. तळच हळूहळू वर सरकत असेल तर गळती आहे.

"पण आमच्या भाषेत गार्बेज कलेक्टर आहे" असं म्हणणारे भेटतात. हा कलेक्टर मेमरीतला कचरा आपोआप उचलतो, पण ज्या वस्तूकडे अजून कुणीतरी बोट दाखवतंय तिला तो हात लावत नाही. सगळ्यात जास्त वेळा बोट दाखवणारा सापडतो तो घरगुती कॅशे: 'एकदा आणलेलं परत आणायला नको' म्हणून कुणीतरी एक टेबल करून ठेवलेलं असतं, आणि त्यातून जुनं काढायची सोय कुणीच केलेली नसते. वरची मर्यादा नसलेला कॅशे ही गळतीच.

दुसरा नमुना कनेक्शनांचा. पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी वाटून वापरायच्या साठ्यात, डेटाबेसची दहा कनेक्शनं आहेत. एका कोपऱ्यातल्या कोडमध्ये एरर आली की कनेक्शन परत न करताच प्रोग्राम पुढे जातो. अशा दहा एरर झाल्या की सगळे जण रांगेत, प्रोसेसर मोकळा, आणि पडद्यावर फक्त चक्र. ज्या भाषेत जी सोय असेल ती वापरून, एरर आली तरी कनेक्शन परत जाईल असं लिहायचं, बस.

९० टक्के भरलेलं म्हणजे भरलेलंच

ठरावीक वेळी अडणाऱ्या सिस्टिमबद्दल दोनच गोष्टी. एक: रांगेचं गणित सरळ रेषेत चालत नाही. एक खिडकी, माणसं अनियमित येणारी, प्रत्येकाच्या कामाचा वेळ कमीजास्त, हा सगळ्यात साधा नमुना घेतला तर खिडकी ५० टक्के वेळ व्यग्र असताना एकूण लागणारा वेळ दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. 'अजून १० टक्के शिल्लक आहे' म्हणणाऱ्याला हे सांगा. महिनाअखेरीस कामं थोडीशीच वाढतात आणि सिस्टिम एकदम कोलमडते, ती यामुळे.

दोन: कुलपं. एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्यानं तिला हात लावू नये म्हणून डेटाबेस तिला कुलूप घालतो. डेटाबेसचा व्यवहार उघडा ठेवून मध्येच ईमेल पाठवणारा कोड शोधा. मेल सर्व्हरनं ८ सेकंद घेतले तर ती ८ सेकंद त्या नोंदीचं कुलूप त्याच्या खिशात. मेल नंतर पाठवा.

नवीन मशीन कधी, आणि कसब किती

पूर्वी दोन वर्षं थांबलं की मशीनच वेगवान व्हायचं. २००५ च्या आसपास उष्णतेमुळे प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग अडला आणि वाढ मुख्यतः कोअरच्या संख्येत होऊ लागली. त्याआधीच, १९९५ मध्ये, संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी कुरकुर केली होती की हार्डवेअर जितक्या वेगानं सुधारतं त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर जड होत जातं.

कसबी माणसाच्या हातात किती ताकद असते याचा एक मोजलेला दाखला मला फार आवडतो. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली ४,०९६ बाय ४,०९६ च्या दोन मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा) गुणाकार १८ कोअरच्या एकाच मशीनवर निरनिराळ्या प्रकारे करून दाखवला. पायथनमध्ये सरळधोपट लिहिला तर सुमारे ७ तास. तोच जावात ४० मिनिटं, सीमध्ये ९ मिनिटं. मग काम कोअरांत वाटलं, मॅट्रिक्सचे तुकडे कॅशेत मावतील असे पाडले, एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या खास सूचना वापरल्या. शेवटचा आकडा ०.४१ सेकंद, म्हणजे ६०,००० पटींहून जास्त. भाषा बदलून साधारण ५० पट मिळाले, बाकीचं सगळं मशीन आतून कसं चालतं हे ठाऊक असल्यामुळे.

तुकडे पाडण्यातलं मर्म असं. प्रोसेसर मेमरीतून एक आकडा मागवतो तेव्हा बहुतेक मशीनवर ६४ बाइटची अख्खी ओळ येते, ४ बाइटचे १६ आकडे. तक्ता आडवा वाचला तर सोळाही कामाला येतात. तोच उभा वाचला तर एक वापरायचा, पंधरा फेकायचे आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा मेमरीच्या दारात उभं राहायचं. दोन लूपची अदलाबदल, एवढाच फरक. मात्र रोजच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये इथवर जायची वेळ क्वचित येते. २,४०१ क्वेरी मारणारा प्रोग्राम सीमध्ये लिहिला असता तरी ३० सेकंदच लागले असते.

काही गोष्टी तशाच सोडून द्याव्यात. रात्री दोनला चालणारा आणि सकाळी नवाला लागणारा रिपोर्ट २० मिनिटं घेत असेल तर घेऊ दे. आणि कॅशे लावून वेळ मारून नेण्याआधी मूळ दोष बघा. कॅशे लावला की 'स्लो आहे' ऐवजी 'जुनीच माहिती दिसतेय' असा फोन येतो, आणि तो सोडवणं जास्त जिकिरीचं.

परत येऊ नये म्हणून

हजेरीच्या कामात शेवटी तीन गोष्टी करून आले. चाचणीच्या डेटाबेसमध्ये आजच्या दहापट खोट्या नोंदी भरून ठेवल्या, म्हणजे नवीन पान लिहिणाऱ्याला चटका त्याच्याच टेबलावर बसेल. अर्ध्या सेकंदाहून जास्त घेणाऱ्या क्वेरी वेगळ्या लॉगमध्ये जातील असं केलं. आणि प्रत्येक पानामागे किती क्वेरी झाल्या तो आकडा लॉगमध्ये लिहायला लावला, कारण मघाशी बघितलं तसं, सुट्या क्वेरीचा वेळ बघून हा रोग कळत नाही.

बदल संध्याकाळी चढवला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फोन.

"अहो मॅडम, काल काय केलंत? रिपोर्ट येतच नाहीये आता."

"म्हणजे? एरर दाखवतोय का?"

"नाही, एरर काही नाही. बटण दाबलं की लगेच पान बदलतंय. कामच करत नाहीये ते."

"पानावर आकडे आहेत का?"

"आहेत, पण ते आधीचेच असणार ना."

"खाली डावीकडे रिपोर्ट काढल्याची वेळ असते, ती वाचा बघू."

"दहा वाजून सात मिनिटं."

"आत्ता किती वाजलेत?"

तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग बटण दाबल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा.